हात मागे! पोरांना समाजाचं काम करू द्यायचं असेल तर काय करायचं आणि काय नाही

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका आईचा मेसेज आला, अगं मुलाला काहीतरी सोशल करायला लावायचंय, नववीत आहे, पुढे बाहेरच्या अॅडमिशनला प्रोफाइलमध्ये बरं दिसतं म्हणे, तुझ्या त्या शनिवारच्या ग्रुपमध्ये घेशील का, दोन-तीन महिन्यांत सर्टिफिकेट मिळेल ना? आधी हसले, मग थोडी चिडले, मग म्हटलं जाऊदे, निदान विचारलं तरी. सर्टिफिकेट आमच्याकडे नाहीच. पण हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारून झालाय की एकदा सगळं लिहूनच टाकते, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या चाळीत, सोसायटीत सुरू करता येईल.

मी लालबागला राहते, नोकरी करते, समाजसेविका वगैरे अजिबात नाही. तीन वर्षं झाली, दर शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा मंडळाच्या खोलीत नऊ पोरं जमतात, अकरा ते चौदा वयाची, आमचा चिरंजीव त्यातलाच एक. ही पोरं चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाईलचं मदत-टेबल चालवतात. एक टेबल, दोन बाकं, एक वही, एक पत्र्याचा डबा, बस. ऐकायला किरकोळ वाटतं, मलाही वाटलं होतं.

आधी हे नक्की आहे काय

सोशल आन्त्रप्रनरशिप, म्हणजे सामाजिक उद्योजकता, हा शब्द म्हणतानाच दात दुखतात, म्हणून पोरांना मी सरळ लिज्जत पापड सांगते. आपल्या गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. उसने घेतले हे महत्त्वाचं, म्हणजे परत करायचे होते. तोटा झाला तरी देणगीसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. आज हजारो बायका त्यात आहेत आणि त्या नोकर नाहीत, भागीदार आहेत. दान केलं की माणूस दोन दिवस जेवतो, इथे बायकांच्या हातात कायमची कमाई आली.

मग आमच्या गिरणगावातलं सांगते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, वाण्याची उधारी, वर सावकाराचं व्याज, राबायचं दिवसभर आणि हातात काही नाही. त्यांना कुणी भांडी वाटली असती तर फोटो छान आला असता, पण प्रेमाताईंनी त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, कारण अडचण तिथे होती. पोरांना हे पटकन कळतं, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पणज्या असल्या खानावळी चालवायच्या.

तर माझी व्याख्या एवढीच, दुसऱ्याची अडचण नीट समजून घ्यायची आणि ती सुटेल असं काहीतरी काढायचं जे पुढच्या वर्षीही स्वतःच्या पायावर चालेल. यातला दुसरा भाग पोरं लवकर शिकतात. पहिला भाग शिकवताना आपलाच घाम निघतो.

सुरुवात कशी करायची

फार पोरं घेऊ नका. सहा ते नऊ पुरे. बाराच्या वर गेली की क्रिकेटची टीम होते आणि मग क्रिकेटच खेळतात. मुलं-मुली दोन्ही हवेत, चाळीतली आणि शेजारच्या टॉवरमधली दोन्ही असतील तर उत्तम, एकाच शाळेतली सगळी नकोत. आणि हो, लालबाग-परळवाल्यांनी गणपतीच्या आधी महिनाभर काहीही सुरू करू नये, मी केलं होतं, दुसऱ्या शनिवारी खोलीत मखराचं थर्माकोल आणि मी, दोघीच.

पहिल्या दिवशी प्रॉब्लेम शोधायला लावू नका. सगळ्या शाळांच्या प्रोजेक्टमध्ये हेच होतं, समस्या निवडा म्हटलं की पोरं प्लास्टिक, पाणी वाचवा, झाडे लावा लिहून मोकळी, कारण त्यांना माहितीये की बाईंना हेच आवडतं.

आम्ही सुरुवात बाळापासून केली. कॅनडात टोरंटोला मेरी गॉर्डन नावाच्या बाईंनी १९९६ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला, रूट्स ऑफ एम्पथी, त्यात वर्गात वर्षभर दर काही आठवड्यांनी एक तान्हं बाळ आणि त्याची आई येते, मुलं भोवती बसून बाळाला काय वाटत असेल ते ओळखायचा प्रयत्न करतात, म्हणजे शिक्षक बाळच. हे वाचल्यावर मी म्हटलं आपल्या तिसऱ्या माळ्यावर चार महिन्यांचं बाळ आहेच की, कॅनडाला कशाला जायचं. त्याच्या आईला विचारलं, ती म्हणाली अर्धा तास कुणीतरी बघणार असेल तर रोज आणते. चटईवर बाळ ठेवलं, पोरं गोल करून बसली. बाळ रडायला लागलं तर एक म्हणाला भूक लागली, दुसरी म्हणाली गरम होतंय, तिसऱ्याने खुळखुळा वाजवला तर ते आणखी जोरात रडलं. आईने उचललं, उलटं धरलं, टोपडं काढलं, गप्प. टोपड्याची नाडी हनुवटीला काचत होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळे उपाय सुचवत होते, बाळाकडे बघत कुणीच नव्हतं. ही गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये इतकी मुरलीये की आता कुणी घाईघाईत काही सुचवलं की दुसरं कुणीतरी म्हणतं, टोपडं बघ आधी.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे असं आपल्याकडे म्हणतातच. पण नुसतं म्हणून होत नाही, जावं लागतं.

महिनाभर फक्त ऐकायचं

हा भाग लोक गाळतात आणि नंतर रडतात. चार शनिवार पोरांनी जोडीजोडीने चाळीतल्या साठीच्या वरच्या माणसांकडे जायचं, काहीही मदत करायची नाही, फक्त विचारायचं आणि लिहून आणायचं. प्रश्न पोरांनीच ठरवले. मोबाईल कधी काढता, मोबाईलचा राग कधी येतो, आणि मोबाईलवर काय करायचंय जे जमत नाही. दुसरा प्रश्न आमच्या एका पोरीने सुचवलेला, आणि सगळ्यात जास्त माहिती त्याच प्रश्नाने आणली, कारण राग कशाचा येतो हे विचारलं की माणसं बोलायला लागतात.

पोरांची खात्री होती की सगळ्यांना यूपीआय शिकायचं असणार. झालं काय, बावीस जणांत यूपीआय हवं म्हणणारे फक्त तीन. बाकीचं काय होतं तर अक्षरं दिसत नाहीत, आवाज आपोआप बंद होतो आणि मग मुलगी ओरडते फोन का उचलत नाही, बँकेतून बोलतोय सांगणारे फोन येतात त्याची भीती वाटते, मेमरी भरली भरली असं सारखं म्हणतो तर नक्की काय भरलंय. दुसऱ्या माळ्यावरच्या आजी काहीच बोलल्या नाहीत पहिल्यांदा, चहा दिला, पाठवून दिलं. दुसऱ्या शनिवारी पोरं परत गेली तेव्हा कपाटातून एक बटणांचा जुना फोन काढला, बंद पडलेला, त्यात आजोबांचा आवाज होता म्हणे, कधीतरी नातीने गंमत म्हणून रेकॉर्ड केलेला. चार्जर मिळत नव्हता त्या फोनचा. पोरांनी अख्खं लालबाग पालथं घातलं त्या पिनच्या चार्जरसाठी, शेवटी एका रिपेअरिंगवाल्याच्या ड्रॉवरमध्ये सापडला. चौदा सेकंदाचं रेकॉर्डिंग, आजोबा फक्त म्हणतात अगं पंखा बंद कर, बिल किती येतं. आजी दोनदा ऐकून म्हणाल्या, हाच आवाज. हे कुठल्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार?

यात एक माणूस आठवतो, म्हणजे बाई. मुंबईतल्या शिक्षिका होत्या ग्लोरिया डिसोझा, घोकंपट्टीला कंटाळून त्यांनी मुलांना पुस्तकाबाहेर काढून आजूबाजूच्या परिसरातून शिकवायला घेतलं, पुढे परिसर आशा ही संस्था काढली. बिल ड्रेटन यांनी १९८० मध्ये सुरू केलेली अशोका संस्था जगभरच्या सामाजिक उद्योजकांना फेलो म्हणून निवडते, तिच्या पहिल्या फेलो याच. म्हणजे आज जे चेंजमेकर चेंजमेकर चाललंय त्याची पहिली पावती मुंबईतल्या एका शाळेच्या बाईंच्या नावावर फाटलीये, आणि आपण मुलांना त्यासाठी परदेशातले व्हिडिओ दाखवतो.

हात मागे

आता मुख्य नियम. टेबल सुरू झालं आणि पहिल्याच शनिवारी माझ्या लक्षात आलं की पोरं मदत करत नव्हती, पोरं फोन हिसकावत होती. आजोबांनी विचारलं अक्षरं मोठी कशी करायची, तर आमच्या चिरंजीवाने फोन घेतला, टक टक टक, चार सेकंदात केलं, हे घ्या. आजोबा खूश. पुढच्या आठवड्यात अपडेट आला, अक्षरं परत लहान, आजोबा परत दारात, तेही ओशाळून, की बाबा मला काही जमत नाही बघ.

तेव्हा नियम केला, मदत करणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. खरंच बांधायचे, फोनला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं, बोट आजोबांचंच. करून बघा घरी, वेड लागेल. सेटिंगमध्ये जा म्हणून भागत नाही, कारण सेटिंग म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं, मग दातेरी चाकासारखं चित्र आहे ते बघा असं सांगावं लागतं, मग आजी म्हणतात चाक कुठेय, ते तर फूल आहे. ते फूलच दिसतं खरं तर. मग आमच्या टेबलावर त्याचं नाव फूल पडलं. मागे जायचा बाण म्हणजे उंबरठा. तीन ठिपके म्हणजे मुंग्या. ही भाषा आज्यांनी तयार केलीये, पोरं फक्त शिकली. जी पोरगी घरी आजीवर खेकसायची, किती वेळा सांगायचं म्हणून, तिला इथे एकच गोष्ट अकरा वेळा सांगताना पाहिलंय मी, कारण हात मागे असले की दुसरा इलाजच नसतो.

सहानुभूती शिकवायची म्हणून भाषण देऊन काही होत नाही असं माझं ठाम मत झालंय. हात बांधले की डोकं समोरच्याच्या डोक्यात शिरायला लागतं, त्याला आत्ता काय दिसतंय, तो कुठे अडकलाय, कशाला घाबरतोय. तुमचं काम मोबाईलचं नसेल तर तुमचा हात मागेचा नियम वेगळा निघेल. अभ्यासिका चालवणाऱ्या पोरांना लहान मुलाची पेन्सिल हातात घ्यायची नाही असा ठेवता येईल.

नोव्हेंबरात या नियमाची खरी परीक्षा असते. सरकारी पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, २०१४ पासून जीवन प्रमाण नावाने तो डिजिटल झाला आणि २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून, डोळे मिचकावून निघतो. आमच्या रिटायर्ड पोस्टमन आजोबांना डोळे मिचकवा सांगितलं तर ते दोन्ही डोळे गच्च मिटून बसले, मग एकच मिटला, मग म्हणाले जिवंत आहे हे सांगायला सरकारला डोळा मारायचा का या वयात. अख्खी खोली हसली. पण दाखला निघाला आणि त्यांनी स्वतः काढला.

पैशाचं बोलू

सुरुवातीला सगळं फुकट होतं. समाजसेवा म्हणजे फुकट हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. झालं असं की माणसं एकदा यायची, परत यायची नाहीत. आम्हाला वाटलं शिकली. नंतर एका काकूंनी सांगितलं, अगं पोरांचा किती वेळ खायचा फुकटात, बरं नाही दिसत. म्हणजे फुकट ठेवल्यामुळे त्यांच्यावर उपकाराचं ओझं येत होतं आणि आम्हाला पत्ताच नाही.

मग पोरांनी जोरदार भांडून दहा रुपये फी ठेवली. भांडण दोन शनिवार चाललं, एक गट म्हणे म्हाताऱ्यांकडून पैसे घेणं पाप आहे, दुसरा म्हणे आजी-आजोबांना द्यायच्या मोठ्या अक्षरांच्या कार्डांच्या झेरॉक्सला पैसे कोण देणार. मी मध्ये पडले नाही, जीभ चावून बसले. फी लागली आणि गंमत बघा, त्याच आजोबांचा आवाज बदलला. आता टेबलावर हात आपटून म्हणतात, दहा रुपये दिलेत, परत सांग. ज्याला परत सांग म्हणायचा हक्क वाटतो तो शिकतो.

पण दहा रुपयेही जड असणारी घरं आमच्या चाळीत आहेत. त्यावर पोरांना मी १२९८ ची गोष्ट सांगितली. २००५ च्या आसपास मुंबईत या नंबरची अॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, तिची खुबी दरात होती, पेशंटला खाजगी हॉस्पिटलात न्यायचं तर पूर्ण दर, सरकारी हॉस्पिटलात न्यायचं तर कमी. कुणाकडे उत्पन्नाचा दाखला मागायची गरज नाही, कुठे चाललाय त्यावरूनच खिसा कळतो. पोरांनी यावरून डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला भोक, टेबलावर नाही तर दाराबाहेर खिडकीत ठेवलेला, म्हणजे कोण किती टाकतंय किंवा टाकतच नाही हे कुणाला दिसत नाही. फी दहाच, पण ती डब्यात. काही जण वीस टाकतात, एकदा पन्नासची नोट निघाली, एकदा दोन लिमलेटच्या गोळ्या निघाल्या, त्या वहीत जमा बाजूला लिहिल्यात, लिमलेट नग दोन.

वही पोरांनीच लिहायची. साधी शंभर पानी, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, दर शनिवारी शेवटची दहा मिनिटं दोघांनी मिळून मोजायचं आणि दोघांनी सही करायची. दर महिन्याला वही वेगळ्या जोडीकडे. पहिल्या दिवाळीला ११४० रुपये शिल्लक निघाले. त्याचं काय करायचं यावर पिझ्झा पार्टी हा ठराव नऊपैकी सहा मतांनी जवळजवळ पास झाला होता. मग सगळ्यात धाकटा म्हणाला, पण हे पैसे आजींनी पिझ्झ्यासाठी टाकले का? शांतता. शेवटी दोनशेचे वडापाव आणि बाकीच्यातून मोठ्या अक्षरांची कार्डं लॅमिनेट करून घेतली, ज्यावर फूल, उंबरठा, मुंग्या चित्रांसकट आहेत. मला विचाराल तर वडापाव हवेतच. पोरांनी काम करून वर उपाशी राहायचं असं कुठे लिहिलंय.

फसतं तेव्हा

फसतंच, आणि ते लपवू नका. आमचं सगळ्यात वाईट फसलेलं सांगते. एका पोराने एका आजींना बँकेचे मेसेज मोठ्या अक्षरात करून दिले, तेव्हा त्याला खात्यातली रक्कम दिसली. त्याने ती घरी सहज सांगितली, आईने शेजारी सहज सांगितली, आणि चार दिवसांत आजींच्या मुलाच्या कानावर गेली, ज्याला ती रक्कम माहीत नव्हती आणि आजींना ती कळू द्यायची नव्हती. घरात जे व्हायचं ते झालं. आजी टेबलावर यायच्या बंद, चाळीतल्या आणखी चार जणी बंद.

चूक पोराची कमी, माझी जास्त. मी ओटीपी विचारायचा नाही, पिन बघायचा नाही हे सगळं सांगितलं होतं, पण दिसलं तरी बोलायचं नाही हे कुणाला सांगितलंच नव्हतं, मला वाटलं कळत असेल. बारा वर्षांच्या मुलाला कसं कळणार, आपल्या चाळीत मोठ्यांना तरी कळतं का.

पोराच्या आईचं म्हणणं होतं की तिने स्वतःच जाऊन माफी मागावी. मी नको म्हटलं. तो गेला, मी जिन्यात थांबले. दार उघडं होतं म्हणून ऐकू आलं, त्याने एवढंच म्हटलं, आजी मी तुमचं सांगायला नको होतं. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, चपला बाहेर काढ आणि आत ये. त्या टेबलावर परत यायला चार महिने लागले, आणि ते चार महिने तो पोरगा दर शनिवारी त्यांच्या दारावरून जाताना आत बघायचा. तेव्हापासून आमच्या खोलीत भिंतीवर एकच पाटी आहे, पोरांच्या अक्षरात, फोनमध्ये दिसलं ते फोनमध्ये राहिलं.

असं काही झालं की मोठ्यांना लगेच सगळं बंद करावंसं वाटतं, मलाही वाटलं. करू नका. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी बसून नियम नव्याने लिहा, नियम पोरांनाच लिहू दे.

थोडं सुरक्षिततेचं, कंटाळवाणं पण लागणारं

कुणाच्याही घरात पोर एकटं जाणार नाही, जोडीनेच, दार उघडं, शक्यतो गॅलरीतच बसायचं. ओटीपी, पिन, पासवर्ड यांच्या वेळी पोराने मान फिरवायची, अक्षरशः. पैशाचा व्यवहार टेबलावर करायचाच नाही, तो ज्याच्या त्याच्या घरच्यांबरोबर. फसवणुकीचा फोन आला, पैसे गेले, तर १९३० ला लगेच फोन, जितका उशीर तितकं अवघड, हा नंबर आमच्या प्रत्येक कार्डाच्या मागे छापलाय.

आणि पोरांसाठीचा नंबर पोरांना पाठ हवा, १०९८. तो नंबरसुद्धा मुंबईचाच. जेरू बिलिमोरिया टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत होत्या, रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करायच्या, ती मुलं रात्री-अपरात्री अडचणीत आली की जेरूंच्या घरी फोन करायची. त्यातून १९९६ मध्ये चाइल्डलाइन सुरू झाली. हे मी पोरांना मुद्दाम सांगते, कारण कुणाच्या तरी घरचा फोन सारखा वाजत होता आणि त्या बाईने रिसीव्हर काढून ठेवला नाही, एवढ्यावरून देशभराची हेल्पलाइन उभी राहिली.

बॅनर आणि फोटो

टेबल जरा नावाजलं की कुणीतरी साहेब येतात. आमच्याकडेही आले, डिजिटल साक्षरता अभियान असा बॅनर लावू म्हणाले, नमुना पाठवला, त्यात साहेबांचा फोटो दाराएवढा आणि पोरं खाली तिकिटाएवढी. पोरांनीच नाही सांगितलं, फार गोड शब्दांत, आजी-आजोबांना विचारून सांगतो म्हणाले आणि विचारलंच नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं हं.

स्टेटसला फोटो टाकायचा नाही हा नियम मात्र मी लादला, एवढा एकच लादलाय. अहमदाबादच्या किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये डिझाइन फॉर चेंज सुरू केलं, शाळेतल्या मुलांसाठी चार पायऱ्या, फील, इमॅजिन, डू, शेअर. पद्धत उत्तम आहे, आम्ही बरीच उचललीये. पण हल्ली पोरांच्या हातात फोन असल्यामुळे चौथी पायरी पहिली येते, अजून कुणाचं काही ऐकलं नाही तोवर रील तयार. म्हणून आमच्याकडे शेअर म्हणजे वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर, चाळीच्या अंगणात खुर्च्या टाकून, वही सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. लिमलेटसकट.

आईबापांनी काय करायचं

तेच, हात मागे. पोर विसरलं शनिवारचं तर आठवण करू नका, त्याच्या जोडीदाराचा शिव्या देणारा फोन येऊ दे. पोस्टर वाकडं झालं तर वाकडं लावू दे. आणि कृपा करून घरी मोलकरीण, वॉचमन, कचरेवाला यांच्याशी जसं बोलताय ते आधी ऐका, कारण पोरं शनिवारी दीड तास माझ्याकडे असतात आणि बाकी आठवडाभर तुमच्याकडे. एका पोराने मला विचारलं होतं, ताई आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना पण टेबलावर आणू का, पण त्या आमच्या सोफ्यावर बसत नाहीत, इथे बाकावर बसतील का? मी त्याच्या आईला हे सांगितलं नाही. त्याने सांगितलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात मावशी आल्या, आणि आई पण आली, दोघी एकाच बाकावर.

मार्क, तास, सर्टिफिकेट यांचा नाद लावू नका एवढ्यात. कॉलेजात गेल्यावर एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आहेच, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, तिथे तास मोजू देत.

रजिस्ट्रेशनचं सगळे विचारतात. चाळीच्या पातळीवर काही करू नका, वही आणि डबा पुरे, रक्कम वाढली तर मंडळाच्या किंवा दोन मोठ्यांच्या जॉइंट खात्यात ठेवा, कारण अठराच्या आतलं पोर करारावर सही करू शकत नाही. पुढे खरंच वाढलं तर सार्वजनिक न्यास, त्यासाठी वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी. कंपन्यांचे सीएसआरचे, म्हणजे समाजकामासाठी काढून ठेवलेले, पैसे हवे असतील तर असली नोंदणी लागतेच, वर साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणजे आधी काम, मग कागद. उलटं करणारे मी बघितलेत, लेटरहेड सुंदर असतं त्यांचं.

आता सध्याचं. आमच्या मागची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, जुने भाडेकरू वर गेले, पोरं म्हणाली तिथेही टेबल लावू. लॉबीत लावलं, वॉचमनची परवानगी काढून. दोन शनिवार कुणी आलं नाही, तिसऱ्या शनिवारी कुरिअरवाला येऊन बसला, त्याचा चार्जर चालत नव्हता. पोरं वैतागली. मी म्हणणार होते की पोस्टर लावा लिफ्टमध्ये, तेवढ्यात धाकटा म्हणाला टोपडं बघ आधी. मग टेबल उचललं आणि जोडीने वर गेले, बेल वाजवत. अठराव्या मजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या फोन येतो मला सगळा, पण इथे गॅलरी नाही, दार लावलं की कुणी जातंय-येतंय कळत नाही, तुम्ही आलात तर जरा बसा.

याला काय करायचं ते अजून कुणालाच सुचलेलं नाही. एकाने घंटेची कल्पना काढली, ती बाकीच्यांनी उडवून लावली. ऐकणं चालू आहे, सहा मजले झालेत, नवी वही आणलीये, त्यात जमा शून्य, खर्च पेन एक.